वेदी की मेज: मिस्साबलिदानाचा वाद



१५०९ सालच्या मार्च महिन्याच्या अखेरीस, मृत्यूच्या तीन आठवडे आधी, इंग्लंडचा राजा सातवा हेन्री याने मृत्युपत्र केले. आपल्या आत्म्यासाठी दहा हजार मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाचे विधी, म्हणाव्यात, अशी तरतूद त्यात आहे. दीड हजार त्रैक्याच्या सन्मानार्थ, अडीच हजार ख्रिस्ताच्या पाच जखमांच्या, अडीच हजार मरियेच्या पाच आनंदांच्या, साडेचारशे देवदूतांच्या नऊ गणांच्या, आणि उरलेल्या कुलपिते, प्रेषित व सर्व संतांच्या नावाने. दर मिस्सेमागे याजकाला सहा पेन्स द्यायचे होते. हा दर नेहमीपेक्षा जास्त होता आणि राजाने तो जाणूनबुजून वाढवला होता.

त्याचा मुलगा आठवा हेन्री. त्याने १५२१ मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरविरुद्ध सात संस्कारांच्या समर्थनार्थ ग्रंथ लिहिला आणि मिस्सा हे बलिदान आहे, हे त्यात हिरिरीने मांडले. पोप दहावा लिओ याने त्याला श्रद्धारक्षक ही पदवी दिली. पुढे हाच राजा रोमपासून फुटला आणि त्याने मठांच्या जमिनी जप्त केल्या. तरीही १५४६ च्या डिसेंबरात केलेल्या मृत्युपत्रात, जग असेपर्यंत विंडसरला आपल्या आत्म्यासाठी रोज मिस्सा व्हावी, अशी त्याची इच्छा नोंदलेली आहे. जानेवारीत तो वारला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, त्याचा दहा वर्षांचा मुलगा सहावा एडवर्ड गादीवर असताना, मृतांसाठी मिस्सा म्हणण्याकरता लोकांनी ठेवलेल्या देणग्या आणि जमिनी सरकारजमा करणारा कायदा संसदेने केला. अशा दोन हजारांहून अधिक प्रार्थनागृहांचे उत्पन्न त्या कायद्याने संपले.

आजोबा ज्याच्यावर मोक्षाची भिस्त ठेवतात ते नातवाच्या राज्यात बेकायदा ठरते. एवढी उलथापालथ चाळीस वर्षांच्या आत झाली. ती सत्तेची किंवा पैशाची बाब होतीच, पण तेवढ्यावर तिचा उलगडा होत नाही. मुळाशी एक धर्मशास्त्रीय प्रश्न होता. त्या प्रश्नासाठी माणसे जाळली गेली, फाशी गेली आणि देशोधडीला लागली.

प्रश्न थोडक्यात असा. ख्रिस्ताचे क्रूसावरील मरण हे पापांसाठीचे बलिदान होते, याबद्दल कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात मतभेद कधीच नव्हता. मरणाच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांबरोबर भोजन केले, भाकर व द्राक्षारस दिला आणि आपल्या स्मरणार्थ हे करत राहा असे सांगितले, हेही दोघांना मान्य. वाद पुढे सुरू होतो. मंडळी ते भोजन पुन्हा साजरे करते तेव्हा ती देवाला काही अर्पण करते, की देवाकडून फक्त स्वीकारते? अर्पण करत असेल, तर ते अर्पण पापक्षालनाचे आहे का? आणि जे तिथे हजर नाहीत, जे मरून गेले आहेत, त्यांच्या ते उपयोगी पडते का?

नव्या करारातल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रावर प्रोटेस्टंटांचा मुख्य आधार आहे. यहुदी याजक दररोज उभे राहून तेच तेच यज्ञ करत. ख्रिस्ताने स्वतःला एकदाच अर्पण केले आणि तो देवाच्या उजवीकडे बसला, हा त्या पत्राच्या सातव्या ते दहाव्या अध्यायांचा गाभा. जे एकदा पूर्ण झाले त्यात भर कशाला? कॅथलिकांचे उत्तर मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकापाशी जाते. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत सर्व राष्ट्रांत देवाला शुद्ध अर्पण वाहिले जाईल, असे भाकीत तिथे आहे. भाकर आणि द्राक्षारस घेऊन येणारा मलकीसदेक हा याजकही त्यांच्या बाजूने साक्षीला येतो. या वादात पुढे एक जुना पुरावा हाती लागला. प्रेषितांच्या नंतरच्या पिढ्यांतले डिडाखे नावाचे छोटे ग्रीक पुस्तक १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडले आणि १८८३ मध्ये छापले गेले. रविवारी भाकर मोडण्याच्या विधीला त्यात बलिदान म्हटले आहे आणि मलाखीचा दाखलाही दिला आहे. ल्यूथर वा कॅल्विन यांच्यापुढे हे पुस्तक नव्हते. बलिदानाची भाषा मध्ययुगातली भेसळ आहे हा समज त्याने टिकू दिला नाही. मात्र ते बलिदान स्तुतीचे की पापक्षालनाचे, याचा निकाल डिडाखे देत नाही.

ल्यूथर स्वतः याजक होता, ही गोष्ट त्याच्या टीकाकारांइतकीच त्याचे अनुयायीही विसरतात. २ मे १५०७ रोजी एर्फुर्टला त्याने पहिली मिस्सा म्हटली. वडील वीस घोडेस्वार घेऊन आले होते आणि त्यांनी मठाला वीस गुल्डन दिले. अर्पणाच्या मुख्य प्रार्थनेचे पहिले शब्द उच्चारताना आपण जिवंत देवाशी बोलतो आहोत या जाणिवेने आपल्याला धडकी भरली आणि वेदी सोडून पळावेसे वाटले, असे त्याने पुढे सांगितले. ज्याने मिस्सा गंभीरपणे घेतली होती, त्यानेच ती मोडायला काढली.

१५२० मध्ये त्याने चर्चच्या बाबेली बंदिवासावर ग्रंथ लिहिला. सामान्य भाविकांना प्याला न देणे हा पहिला बंदिवास, भाकरीच्या रूपांतराचा सिद्धांत सक्तीचा करणे हा दुसरा, आणि मिस्सा हे सत्कृत्य व बलिदान मानणे हा तिसरा. तिसरा त्याला सर्वांत घातक वाटतो. त्याचा युक्तिवाद सरळ आहे. शेवटच्या भोजनात ख्रिस्ताने मृत्युपत्र केले: पापांची क्षमा हा वारसा, त्याची भाकर व प्याला ही मोहोर आणि मरणाने त्यावर शिक्कामोर्तब. मृत्युपत्राखाली वारस घेतो. मृत्युपत्र करणाऱ्याला तो काही देत नाही. मिस्सा अर्पण करणारा याजक म्हणजे घेण्याच्या जागी देऊ पाहणारा वारस.

ही मांडणी विलक्षण ताकदीची आहे, आणि तिच्यामागे डोळ्यांसमोरचे वास्तव होते. विटेनबर्गच्या ज्या किल्लाचर्चशी ल्यूथरचे नाव जोडले गेले, तिथे त्या काळी वर्षाला सुमारे नऊ हजार मिस्सा होत. बहुतेक मिस्सांना समुदाय नसे. याजक एका कोपऱ्यातल्या वेदीपाशी एकटा, आणि मिस्सा कुणा मृत माणसाच्या नावाने. हाताला हेच काम असलेले याजक युरोपभर हजारोंनी होते. दहा हजार मिस्सांचे पुण्य एका मिस्सेपेक्षा जास्त असा हिशेब लोक मांडू लागले, तेव्हा त्या हिशेबात क्रूस कुठे राहिला, हा ल्यूथरचा प्रश्न होता. तो प्रश्न रास्त होता.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. भाकरीत ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो की नाही, हा वाद आणि बलिदानाचा वाद हे दोन निराळे वाद आहेत. ऑक्टोबर १५२९ मध्ये मारबर्गच्या किल्ल्यात ल्यूथर आणि झुरिचचा उलरिख झ्विंगली समोरासमोर बसले. ख्रिस्ताचे शरीर भाकरीत आहे, असे ल्यूथर म्हणत राहिला. झ्विंगलीने ते मानले नाही. दोघे त्या मुद्द्यावर एकमत न होता उठले. पण ज्या कलमात हा मतभेद नोंदला आहे, त्याच पंधराव्या कलमात दोघांनी एकत्र सही करून म्हटले आहे की, मिस्सा हे दुसऱ्या कुणासाठी, जिवंत वा मृत, कृपा मिळवून देणारे कृत्य नाही. उपस्थितीबद्दल ल्यूथर रोमच्या जवळ होता. बलिदानाबद्दल तो झ्विंगलीबरोबर होता. १५३७ च्या श्माल्काल्डन कलमांत तर त्याने स्पष्ट लिहिले की, या एका मुद्द्यावर आपण आणि पोपपक्ष कायमचे वेगळे राहू.

झुरिचने १५२५ च्या पवित्र सप्ताहात नगरपरिषदेच्या थोड्याशा बहुमताने मिस्सा बंद केली. १३ एप्रिलला, गुरुवारी, ग्रोसम्युन्स्टर चर्चमध्ये साधी मेज मांडली गेली आणि लाकडी ताटांतून भाकर व लाकडी पेल्यांतून द्राक्षारस लोक बसले होते तिथे नेऊन वाटला गेला. यापुढे हा विधी वर्षातून चार वेळाच होणार होता. रोजचा विधी चार वेळांवर आला म्हणजे सुधारकांनी प्रभुभोजनाचे महत्त्व कमी केले, असे कॅथलिक लेखक अनेकदा म्हणतात. पण त्याआधी सामान्य भाविक वर्षातून किती वेळा भाकर घेत असे? १२१५ च्या लॅटरन परिषदेने किमान एकदा, पुनरुत्थानाच्या सणाला, घेण्याचा दंडक घातला होता. बहुतेक लोक तेवढ्यावरच थांबत. एरवी याजकाने भाकर उंच उचलली की ती पाहायची, एवढाच त्यांचा सहभाग. बलिदान पाहायचे असते आणि भोजन जेवायचे असते. त्यामुळे झुरिचच्या शेतकऱ्याच्या हाती आता पूर्वीच्या चौपट वेळा भाकर पडणार होती आणि प्यालाही मिळणार होता.

फ्रान्समध्ये १७ ऑक्टोबर १५३४ च्या रात्री पॅरिससह अनेक शहरांत मिस्सेविरुद्ध भित्तिपत्रके लागली. ती अँटवान मार्कूर याने लिहिली होती आणि न्यूशाटेलमध्ये छापली गेली होती. एक पत्रक आंब्वाजच्या वाड्यात पहिल्या फ्रान्सिस राजाच्या शयनगृहाच्या दारावर सापडले. तोवर सुधारकांकडे काणाडोळा करणाऱ्या राजाने जानेवारीत पॅरिसमधून मोठी प्रायश्चित्ताची मिरवणूक काढली आणि त्याच दिवशी सहा जणांना जाळण्यात आले. त्या धामधुमीत देश सोडून गेलेल्यांत जॉन कॅल्विन नावाचा तरुण होता. त्याच्या मुख्य ग्रंथाची अर्पणपत्रिका याच राजाला उद्देशून आहे.

इंग्लंडची कथा प्रार्थनापुस्तकांच्या आवृत्त्यांतून वाचता येते. आर्चबिशप थॉमस क्रॅन्मरच्या १५४९ च्या पुस्तकात विधीच्या शीर्षकात, लोक ज्याला मिस्सा म्हणतात तो, असा उल्लेख होता. १५५२ मध्ये तो गेला. पहिल्या पुस्तकात भाविक स्वतःला देवाला अर्पण करतात ती प्रार्थना भाकर घेण्याआधी होती. दुसऱ्यात ती नंतर नेली. प्रार्थना जवळजवळ तीच, पण जागा बदलली, आणि जागेतच सिद्धांत होता: आधी देव देतो, मग माणूस कृतज्ञतेने स्वतःला वाहतो. १५५० मध्ये लंडनचा बिशप रिडली याने आणि नोव्हेंबरात देशभर सरकारने दगडी वेद्या काढून लाकडी मेजा ठेवण्याचा हुकूम दिला. वेदी यज्ञासाठी असते आणि मेज जेवणासाठी, हे त्याचे कारण म्हणून सांगण्यात आले.

खेड्यापाड्यांतल्या माणसांना हे कसे वाटले? नवे पुस्तक ९ जून १५४९ ला लागू झाले. दुसऱ्याच दिवशी डेव्हनमधल्या सँपफर्ड कोर्टनी गावच्या लोकांनी आपल्या पाद्र्याला जुने झगे घालायला लावून जुनी मिस्सा म्हणायला लावली. उठाव डेव्हन आणि कॉर्नवॉलभर पसरला आणि तो मोडताना हजारो माणसे मेली. त्या लोकांना धर्मशास्त्र कळत नव्हते, असे म्हणून पुढे जाणे अन्याय होईल. आपल्या मेलेल्या आईवडिलांसाठी रविवारी एक शब्द बोलला जातो, हा त्यांच्या जगण्याचा आधार होता आणि तो एका सरकारी हुकमाने काढून घेतला गेला. कितीही नेमका युक्तिवाद केला तरी ही पोकळी भरून निघत नाही. सुधारकांच्या बाजूचा हा सगळ्यांत दुबळा भाग आहे.

क्रॅन्मर १५५६ मध्ये कॅथलिक राणी मेरीच्या राज्यात जाळला गेला. एलिझाबेथच्या राज्यात चक्र उलटले. मिस्सेच्या बलिदानांना निंदनीय कथा आणि घातक फसवणूक ठरवणारे कलम चर्च ऑफ इंग्लंडच्या एकोणचाळीस कलमांत एकतिसावे म्हणून बसले. १५८१ च्या कायद्याने मिस्सेला हजर राहणाऱ्यास शंभर मार्क दंड आणि एक वर्ष कैद ठरली. यॉर्कच्या मार्गारेट क्लिदरो या खाटकाच्या बायकोवर याजकांना घरात लपवल्याचा आरोप होता; त्यावर न्यायालयात जबाब द्यायला तिने नकार दिला म्हणून १५८६ मध्ये वजनाखाली चिरडून तिचा जीव घेण्यात आला.

याच इंग्लंडमधून बाहेर पडलेला एक तरुण १५७५ मध्ये रोमला येशूसंघात दाखल झाला आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला उतरला. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स, मराठीत ख्रिस्तपुराण रचणारे फादर स्टीफन्स. हा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूरला छापला गेला. त्यांच्या मराठीची गोडी आपण वाखाणतो, ती योग्यच. पण ज्या विधीसाठी त्यांच्या मायदेशात कैद होती, तो गोव्यातल्या साष्टीत ते उघडपणे करू शकत होते, हेही त्यांच्या चरित्रात वाचले पाहिजे. त्याच गोव्यात पोर्तुगीज सत्तेने हिंदूंची देवळे पाडली आणि त्यांच्या पूजाविधींवर बंदी घातली होती, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

सुधारकांना रोमचे अधिकृत उत्तर १७ सप्टेंबर १५६२ रोजी, ट्रेंट परिषदेच्या बाविसाव्या सत्रात आले. त्याआधी उन्हाळाभर बिशप आपापसांत भांडत होते: शेवटच्या भोजनातच ख्रिस्ताने स्वतःला अर्पण केले, की केवळ क्रूसावर? निघालेला निर्णय नऊ निषेधवाक्यांसह कडक होता. मिस्सा खरे बलिदान आहे, ते पापक्षालनार्थ आहे, जिवंतांसाठी आणि मृतांसाठी अर्पण करता येते. पण त्याच्या अध्यायांत बारकावा आहे. मिस्सेत अर्पण होणारा तोच ख्रिस्त आणि अर्पण करणाराही तोच. फक्त अर्पणाची रीत निराळी, रक्ताविना. क्रूसावरचे बलिदान एकदाच झाले. मिस्सा ते आपल्यासमोर आणते आणि त्याचे फळ लागू करते. म्हणजे ट्रेंटने पुनरावृत्ती शिकवलीच नाही. आणि त्याच दिवशी परिषदेने आणखी एक हुकूम काढला, ज्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात: ठरावीक संख्येच्या मिस्सा आणि ठरावीक मेणबत्त्या ही अंधश्रद्धेतून आलेली चाल बंद करावी आणि लोभाला थारा देऊ नये. सातव्या हेन्रीचे मृत्युपत्र ट्रेंटच्या या हुकमातही बसले नसते.

म्हणून या वादाचा निवाडा करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. व्यवहाराबद्दल सुधारक बरोबर होते आणि ट्रेंटने ते शब्द न उच्चारता कबूल केले. सिद्धांताबद्दल सुधारकांनी प्रतिपक्षाचे सर्वोत्तम म्हणणे ऐकले नाही. निदान १५६२ नंतर ऐकायला हवे होते. त्याऐवजी रिफॉर्म्ड प्रोटेस्टंटांच्या १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीच्या दुसऱ्या आवृत्तीत ऐंशीवा प्रश्न घुसवला गेला, तिसऱ्या आवृत्तीत तो आणखी वाढवला गेला, आणि मिस्सा ही शापित मूर्तिपूजा ठरली.

तीनशे वर्षे दोन्ही बाजू आपापल्या वाक्यांवर ठाम राहिल्या. मग एकोणिसाव्या शतकात चर्च ऑफ इंग्लंडमध्येच बलिदानाची भाषा परत आली. वेदी, मेणबत्त्या, मिस्सेचे झगे वापरणाऱ्या पाद्र्यांवर १८७४ च्या कायद्याखाली खटले झाले आणि काही जण तुरुंगात गेले. त्याच प्रवाहातल्या कौलीच्या फादरांनी आणि वाँटेजच्या सिस्टरांनी पुण्यात पंचहौद मिशन उभारले. तिथे चहा घेतल्यावरून उठलेल्या ग्रामण्यामुळे, म्हणजे जातिबहिष्काराच्या वादामुळे, ते मराठी इतिहासात ठाऊक आहे. फादर नेहेम्या गोरे याच फादरांशी जोडलेले होते. पंडिता रमाबाई वाँटेजच्या मठात राहिल्या, पण तिथल्या सिस्टरांशी त्यांचे धर्ममतांवर खटके उडाले. त्या काळी अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये वेदीचा विचारही नव्हता. अँग्लिकनांत बलिदानाची भाषा अशी परत आली, तरी १८९६ मध्ये पोप तेरावा लिओ याने अँग्लिकन याजकदीक्षा पूर्णपणे निरर्थक ठरवली, कारण त्यांच्या दीक्षाविधीतून बलिदान अर्पण करण्याचा अधिकार मुद्दाम वगळला होता. पुण्यातले फादर स्वतःला बलिदान करणारे याजक मानत होते. रोमच्या लेखी ते याजकच नव्हते.

विसाव्या शतकात दोन्ही बाजूंचे विद्वान एका मेजेभोवती बसले. बायबलमधले स्मरण म्हणजे निव्वळ आठवण नसून झालेली घटना आज आपल्यासमोर प्रभावी होणे, या समजुतीने वाट मोकळी केली. वल्हांडण साजरा करणारा यहुदी स्वतःच मिसरातून बाहेर पडल्याचे सांगतो, तसे. अमेरिकेतल्या ल्यूथरन आणि कॅथलिक गटाने १९६७ मध्ये, अँग्लिकन आणि कॅथलिक आयोगाने १९७१ मध्ये विंडसरला, आणि जागतिक चर्च परिषदेने १९८२ मध्ये लिमाला याच आधारावर निवेदने केली. उत्तर अमेरिकेतल्या ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्चने कॅथलिक बिशपांशी चर्चा करून २००६ मध्ये हायडेलबर्गच्या ऐंशीव्या उत्तराचा जहाल भाग कंसात टाकला आणि तो बंधनकारक नसल्याचे जाहीर केले. तोच वाद कॅथलिकांच्या घरातही शिरला. १९६९ मध्ये नव्या मिस्साविधीत ट्रेंटचे बलिदान पुसट झाले आहे, अशी तक्रार कार्डिनल ओताव्हियानी यांनी पोप सहावा पॉल यांच्याकडे केली आणि विधीच्या प्रास्ताविकातले सातवे कलम पुढच्या वर्षी दुरुस्त झाले.

तरी वाद मिटलेला नाही, आणि तो मिटला असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मंडळी मिस्सेत ख्रिस्ताला अर्पण करते, असे कॅथलिक आजही म्हणतात. मंडळी फक्त स्वतःला आणि आपली स्तुती अर्पण करते, असे बहुतेक प्रोटेस्टंट म्हणतात. वसईच्या धर्मग्रामात मृताच्या नावाने मिस्सा वाहिली जाते. नगरच्या चर्चमध्ये तसे कुणी करणार नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट असे अनेक प्रवाह एकत्र आले. पंचहौदची वेदी आणि नगरची मेज तेव्हापासून एकाच चर्चमध्ये आहेत. रोमशी तसे घडलेले नाही.

पुण्यात कॅथलिकांची पेपल सेमिनरी १९५५ पासून आहे आणि प्रोटेस्टंटांची युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळहून १९८३ मध्ये आली. एकाच शहरातल्या या दोन संस्थांतल्या विद्यार्थ्यांनी ल्यूथरचा १५२० चा ग्रंथ आणि ट्रेंटच्या बाविसाव्या सत्राचे अध्याय एकत्र बसून, मुळापासून, एकदा वाचावेत. आणि त्या दोन्हींची चांगली मराठी भाषांतरे कुणीतरी हाती घ्यावीत, ही या व्याख्यानाच्या निमित्ताने विनंती.